लांबची भवानी

पनवेलच्या भाजीबाजाराची मालकीण आमच्या घरी राहते, असं मी शाळेत सांगत असे. ते खोटं होतं. बाजाराला मालकच नव्हता, आणि आमच्या घरी जी राहत होती ती माझी जनाआत्या. तिच्या मालकीचं म्हणावं असं एक पितळी डबा आणि दोन लुगडी एवढंच होतं. पण बाजारवारी सकाळी ती तळ्याकाठच्या चिंचेखाली जाऊन उभी राहिली की वासुदेवाभोवती जमावीत तशी तिच्याभोवती माणसं जमत, आणि तिचा हात वर जाईपर्यंत भेंडीचं एक बोंड इकडचं तिकडे होत नसे. शाळेतल्या मुलींना यातलं काय काय समजावून सांगणार? मालकीण म्हटलं की काम भागायचं.

आमचं घर कारखान्याला लागून होतं. कारखाना म्हणजे बैलगाडीची चाकं करायची जागा. त्या काळी पनवेलची चाकं लांब लांब जात. माझे बाबा तिथे आरे, म्हणजे चाकाच्या आतल्या दांड्या, तासायचे. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात लाकूड तासायच्या वाकसाची टकटक यायची, मग भात्याचा फुसफुसाट, मग लोखंडी धाव तापवून लाकडी चाकावर चढवली की पाण्याची चर्र आणि जळक्या लाकडाचा वास. धाव म्हणजे चाकाला बाहेरून बसवतात ती लोखंडी पट्टी. आईचा तांदळाच्या भाकऱ्या थापायचा आवाज या सगळ्याच्या मधे मधे यायचा, आणि मला बरीच वर्षं वाटत होतं की भाकऱ्यासुद्धा कारखान्यातच तयार होतात. माझी भाचरं हे वाक्य ऐकून दर वेळी हसतात. दर वेळी सांगते म्हणूनही हसत असतील.

बाजारवारी या सगळ्यात आणखी एक आवाज मिसळायचा. बाबांनी एकदा सांधा नीट न जुळलेली एक धाव घरी आणली होती, ती आत्याने मागून घेतली आणि चिंचेच्या फांदीला साखळीने टांगली. गाडीच्या आसाची एक जाड खीळ तिच्याजवळ असे. त्या खिळीने धावेवर एक टोला मारला की आवाज तळ्यावरून जाऊन पलीकडच्या घरांवर आपटून परत यायचा. तो आला की बाजार लागला. घराघरातून बायका पिशव्या घेऊन निघत, टोपल्यांवरची ओली फडकी निघत, आणि इतका वेळ मुक्याने बसलेला सगळा काठ एकदम बोलायला लागे. त्या क्षणाचा आवाज मला अजून सांगता येत नाही. आमच्या आत्याच्या हातात तो होता, यापुढे इतर मुलींच्या मामांच्या किराणा दुकानांची काय मातब्बरी?

आता हे सगळं चालवायचं कोण? आत्याला कुणी नेमलं नव्हतं. ती उरणकडच्या एका गावातून विधवा होऊन भावाकडे आली, येताना शेपूचं आणि मुळ्याचं बी घेऊन आली, कारखान्यामागच्या तुकड्यात ते पेरलं आणि टोपली घेऊन बाजारात बसली. बसता बसता भांडणं सोडवायला लागली. तिचा उजवा हात म्हणजे तळोज्याचे हसनचाचा. ते लिंबं आणि विड्याची पानं विकायचे, पण त्यांचं खरं काम गाड्या लावायचं. कुठल्या गावची गाडी कुठे सुटेल, बैल कुठे बांधतील, शेण कोण उचलेल, हे ते नुसत्या भुवयांनी सांगत. आणि तिसरी काशीबाय. ती अगदी शेजारच्या गावची. पडवळ, भेंडी, अळू घेऊन सगळ्यांत आधी यायची, सगळ्यांत चांगल्या जागी बसायची आणि सगळ्यांत मोठ्याने कुरकुरायची. आत्या तिला बाजाराची सासू म्हणे. काशीबाय आत्याला काय म्हणे ते लिहिण्यासारखं नाही.

काशीबायची कुरकुर एकाच गोष्टीवरून असायची. बाजारात एक रीत होती, तिला सगळे ‘लांबची भवानी’ म्हणत. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या बाजारात ती भवानी सगळ्यांत लांबून चालत आलेल्या बाईची असे. आणि ती येऊन, भारा उतरवून, घोटभर पाणी पिऊन आपल्या जागेवर बसल्याशिवाय धाव वाजत नसे. लांबच्या म्हणजे माथेरानच्या डोंगराखालच्या ठाकूरवाड्यांतल्या बायका. पावसाळ्यात त्या कंटोळी, कुरडू, भारंगी, शेवळं असल्या रानभाज्या घेऊन गाढी नदी उतरून यायच्या. त्यांच्या आधी बाजार लागला तर गावातल्या बायकांच्या पिशव्या जवळच्या गावांच्या मालाने भरून जात आणि डोंगरातलं सगळं तसंच पडून राही. ते परत नेण्यात अर्थ नसे. आत्याने आल्या वर्षीच एका ठाकरणीला कंटोळ्यांचा अख्खा भारा बैलांपुढे ओतताना पाहिलं होतं म्हणे. त्या बाईने डोळे पुसले नाहीत, नुसती टोपली झटकली आणि चालायला लागली. आत्या म्हणायची, “रडली असती तं मी इसरले असते.”

रीत कडक होती, पण आंधळी नव्हती. पाऊस फार असेल, कुणी आजारी असेल, तर वाडीवरून आदल्या दिवशी गवळ्याबरोबर सांगावा यायचा: उद्या येत नाही, बाजार लावा. सांगावा आला की थांबायचं नाही. सांगावा आला नाही, तर त्या वाटेवर आहेत असं धरायचं आणि थांबायचं. बस्स. यात लिहिलेलं काही नव्हतं, दंड नव्हता, शपथ नव्हती. काशीबाय दर बाजाराला कुरकुरायची, “उघड की गो जना, माजा अळू मान टाकाया लागला,” आणि दर बाजाराला थांबायची. मला वाटे, ती आत्याच्या धाकाने थांबते.

त्या ठाकरणींमधली पुढारी चांगी. तिचं वय सांगता येत नसे, काळी, सडपातळ, चालताना पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं. ती माझ्याशी फार बोलत नसे. एकदा मी तिला ऐटीत विचारलं, “तुमच्या वाडीवर शाळा आहे का?” तर म्हणाली, “हाय ना. पर मास्तर डोंगूर चडत नाय. चडला की शिकू.” मी त्यावर भारताच्या नकाशाबद्दल काहीतरी सांगायला लागले, आणि ती इतक्या सौम्यपणे ऐकत राहिली की मीच मधे थांबले.

तर त्या वर्षी गणपतीच्या आधीचा शेवटचा बाजार होता. वर्षातला सगळ्यांत मोठा. आणि नेमका आदल्या दिवशी आत्याला हिवताप चढला. गोधडीवर गोधडी घालून ती पडवीत पडली होती, दात वाजत होते, आणि त्या वाजणाऱ्या दातांतून सूचना चालू होत्या. कुणाची जागा कुठे, नव्या आलेल्या बाईला चिंचेच्या कुठल्या बाजूला बसवायचं, ठेकेदाराशी कसं बोलायचं. ठेकेदार म्हणजे बसण्याच्या जागेची पट्टी गोळा करण्याचा ठेका घेतलेला माणूस. तो पावती फाडायचा, म्हणून आपण बाजार चालवतो असं त्याला वाटायचं.

“शकू, उद्या तू जा धाव वाजवायला,” आत्या म्हणाली.

बाबा म्हणाले, “अगं, ती पोर. हसनभाईंना सांग.”

“हसनभाईंना गाड्या हायत. नि हिचा आवाज मोठा हाय. वाया जातो नुसता.” मग माझ्याकडे वळून, “सांगावा आला नाय डोंगरातून. तवा त्या येनार. बसल्या की एकच टोला. दोन नाय.”

मी रात्रभर एक टोला कसा मारावा याचा विचार केला. सकाळी सणासाठी राखलेलं नवं परकर-पोलकं घातलं, वेणीत अबोलीचा गजरा माळला आणि खीळ दोन्ही हातांत अशी धरून निघाले जशी काही गदाच. आई म्हणाली, “बाजार लावायला चाललीस का लग्न लावायला?” मी उत्तर दिलं नाही. मोठ्या पदावरच्या माणसाने असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

पहाटेपर्यंत कोसळून पाऊस थांबला होता. तळं काठोकाठ भरलेलं, चिंचेखाली चिखल, आणि त्या चिखलात इतक्या टोपल्या की पाय ठेवायला जागा नाही. काकड्या, पडवळं, अळूच्या जुड्या, लाल भोपळे, केळीची पानं, सगळं ओल्या फडक्यांखाली झाकलेलं. गावातल्या बायका सणाच्या घाईने नेहमीपेक्षा लवकर येऊन उभ्या. त्यात रस्त्याच्या कडेला मुंबईच्या एका व्यापाऱ्याची लॉरी उभी होती. ठेकेदाराने त्याला सांगून ठेवलं होतं की या, तुम्हाला जवळच्या गावांचा सगळा माल एकगठ्ठा मिळवून देतो. व्यापारी चांगला भाव देणार होता. काशीबायच्या सगळ्या टोपल्या तो एकदम उचलणार होता, हे तिला माहीत होतं, कारण ठेकेदाराने तिला दोनदा येऊन सांगितलं होतं. आणि पडवळाचं काय, अळूचं काय, ऊन पडलं की त्यांची किंमत दर घटकेला उतरते. सणाच्या आधीचा हा शेवटचा बाजार. आज राहिलं ते राहिलं.

ठाकरणी येईनात.

हसनचाचा वाटेकडे बघून आले. म्हणाले, “गाढीला लोंढा आलाय. पलीकडलं दिसत नाय.” काशीबाय म्हणाली, “सांगावा?” चाचांनी मान हलवली. सांगावा नव्हता. काशीबायने पाण्याचा तांब्या घेतला, पडवळांवर शिंपडलं आणि गप्प बसली. ती कुरकुरली नाही हे माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लक्षात आला नाही.

ढग फाकले. ऊन पडलं, ते पावसानंतरचं चटका देणारं ऊन. उभ्या असलेल्या बायकांत चुळबुळ सुरू झाली. मी खीळ या हातातून त्या हातात घेत होते. ती खीळ किती जड असते ते घरून निघताना कळत नाही. लॉरीवाल्याने भोंगा वाजवला. ठेकेदार पावत्यांची पिशवी सावरत माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“वाजव गं पोरी.”

“आत्याने सांगितलंय, डोंगरातल्या बायका आल्यावर.”

“आत्या कुठाय?”

“तापाने पडलीय.”

“मग? पूर आलाय नदीला. आज येत नाहीत त्या. ही एवढी माणसं काय तुझ्या आत्याच्या तापाची वाट बघत बसणार?”

याला काय उत्तर द्यावं ते आत्याने सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, “सांगावा आला नाही.” आवाज मोठा म्हणून माझी नेमणूक झाली होती, पण तो त्या वेळी कुठे गेला कोण जाणे. ठेकेदाराने माझ्या हातातून खीळ काढून घेतली. हिसकावली म्हणता येत नाही, मी इतकी घट्ट धरलीच नव्हती. त्याने मागे वाकून धावेवर टोला मारला.

आत्याच्या टोल्यापेक्षा मोठा आवाज झाला. तळ्यावरून गेला, पलीकडे आपटला, परत आला. आणि मी तळ्याकाठाकडे बघत राहिले.

काही झालं नाही.

एकही फडकं उचललं गेलं नाही. त्या बायका जशा बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. एकीने मांडीवरच्या पोराच्या तोंडावरची माशी हाकलली. दुसरी दाताखाली मिश्री घोळवत तळ्यातल्या म्हशीकडे बघत होती. खाणाखुणा नाहीत, कुणी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. मास्तरांच्या घरच्या वहिनी सगळ्यांत पुढे होत्या, त्या वाकून म्हणाल्या, “काशीबाई, अळूच्या दोन जुड्या द्या बघू.”

“अजून बाजार लागला नाय, वयनी.”

“अहो, आत्ता वाजलं की!”

“वाजला का?” काशीबायने शेजारणीला विचारलं. “का गो, तू आयकलास?”

“मना नाय आयकू आला,” शेजारीण म्हणाली. “हसनभाय, तुमी?”

हसनचाचा लिंबं पुसत होते. म्हणाले, “ढग गरजला असेल कुठं तरी.”

ठेकेदाराने पुन्हा टोला मारला. मग पुन्हा. मग तो मारतच राहिला. घामाघूम झाला, हात झिणझिणले तसा थांबून हात झाडायला लागला. काशीबाय त्याला म्हणाली, “वाजवा ना दादा, थांबलाव का? माजी नात झोपाया लागली व्हती चांगली.”

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टोपल्यांवरून सरकत गेलं. पण फडकं एकही उचललं गेलं नाही. लॉरीवाल्याने शेवटचा भोंगा दिला आणि तो निघून गेला. ठेकेदार काही पावलं लॉरीमागे धावला. काशीबायने लॉरीकडे पाहिलं नाही, तिने टोपलीतलं एक पडवळ काढून बोटाने दाबून पाहिलं. ते मऊ पडायला लागलं होतं. तिने ते परत ठेवलं, फडकं ओलं केलं आणि पुन्हा झाकलं.

आजवर मला वाटत होतं की धाव वाजते म्हणून बाजार लागतो, आणि धाव आत्याच्या हातात म्हणून बाजार आत्याचा. मी गजरा माळून तिथे उभी होते, हातात काही नव्हतं, आत्या घरी गोधडीत होती, आणि बाजार चालला होता. म्हणजे बंद राहून चालला होता. एवढ्या बायका, एकमेकींच्या जागेवरून केस ओढण्यापर्यंत जाणाऱ्या, त्यांच्यातल्या कित्येकींनी डोंगरातली वाडी कधी डोळ्यांनी पाहिली नसेल. पुढे आयुष्यात मी सभा पाहिल्या, संप पाहिले, आमच्या खांदा कॉलनीच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून झालेल्या बैठकीही पाहिल्या, ज्यांत ठराव एकमताने होतो आणि जिन्यात मोडतो. पण त्या दिवशीसारखं काही पाहिलं नाही.

गिऱ्हाइकांतल्या काही बायका रागावून गेल्या. काही थांबल्या. मास्तरांच्या वहिनी गेल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, “बरं, मी पण नाही ऐकलं.”

दुपार कलायला लागली तेव्हा हसनचाचा वाटेवरून ओरडले, “आल्या!”

चौघी जणी होत्या. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेल्या, लुगडी अंगाला चिकटलेली, एकीच्या गुडघ्यातून रक्त वाहत होतं. पुढे चांगी. तिच्या हातात एक लांब बांबू होता. आणि चौघींच्या डोक्यावर काही नव्हतं. टोपल्या नाहीत, भारे नाहीत.

काशीबाय उठून उभी राहिली. “भारं कुठं?”

“पल्याड.” चांगी खाली बसून धापा टाकत होती. “पानी चडलं. भारं डोईवर घेऊन पाय ठरंना. मंग ठेवलं जांभळीखाली नि बांबू धरून आलो चवघी. वर, दगडांकडनं.”

नदी किती होती, हे मी घरी सांगते तेव्हा भाचरांतला एक जण लगेच म्हणतो, “मावशी, मागच्या दिवाळीला पाणी छातीपर्यंत होतं, आता गळ्याला आलं.” येईना का. मी नदीवर नव्हते. मी त्या चौघींच्या बांबूवरच्या बोटांची पांढरी पडलेली पेरं पाहिली, त्यावरून मला वाटेल तेवढं पाणी चढवायचा हक्क आहे.

काशीबाय ओरडली, खरंच ओरडली, “अगो मग माल नाय तं आल्याव कशाला मराया?”

चांगीने तिच्याकडे असं पाहिलं जसं मी भारताचा नकाशा सांगत असताना माझ्याकडे पाहिलं होतं. म्हणाली, “सांगावा कुठं धाडला व्हता आमी? रातच्याला पानी चडलं, कोन जानार सांगाया? तुमी बसून ऱ्हायल्या असत्या ना. सनाचा बाजार. समद्यांचा माल कुजला असता.”

काशीबायने तांब्या उचलला आणि चांगीला पाणी दिलं. चौघीही पाणी प्यायल्या आणि उठून आपापल्या जागेवर जाऊन बसल्या, रिकाम्या जागेवर, पुढ्यात ओला चिखल.

काशीबाय ठेकेदाराकडे वळली. “द्या ती खीळ पोरीला.” त्याने दिली. तो बिचारा स्वतःही नदीच्या वाटेकडेच बघत होता. काशीबाय मला म्हणाली, “मार गो.”

मी मारला. रात्रभर मनात घोकलेला तो टोला, टीनच्या डब्यावर चमचा पडावा तसा किरटा निघाला. पण फडकी निघाली, आणि तो सगळा काठ एकदम बोलायला लागला.

नाही, लगेच नाही लागला. मधे एक अडचण आली. भवानी लांबच्या बाईची, आणि लांबच्या बाईजवळ विकायला काही नाही. सगळ्यांची फडकी निघालेली आणि हात थांबलेले. तेव्हा काशीबायने आपल्या टोपलीतली पडवळं कवेत उचलली, त्यातली त्यात ताठ राहिलेली, आणि चांगीपुढे केळीच्या पानावर नेऊन ठेवली. “वीक.”

“ही कशी विकत्यात?”

“तुजा माल. तुज्या मनाला येल तसा वीक.”

मग कुणी काकड्या आणून टाकल्या, कुणी भोपळा, हसनचाचांनी लिंबं. चौघींच्या पुढ्यात ढीग झाले. चांगी त्या पडवळांकडे बघत बसली. तिने आयुष्यभर रानभाजी वाट्यांनी विकलेली, म्हणजे छोटे छोटे ढीग घालून. काठीएवढ्या लांब पडवळाचा वाटा कसा घालणार? तिने क्षणभर विचार केला, एक पडवळ गुडघ्यावर ठेवलं आणि कटकन मोडलं. मग दुसरं. वीतभर वीतभर तुकडे करून तिने पानावर नीट वाटे मांडले.

काशीबायने कपाळावर हात मारला. “अगो, अगो, माजा पडवळ! लांबीवर भाव असतो त्याचा!”

“आता झाला ना,” चांगी म्हणाली. “वाटा घे, वयनी.”

मास्तरांच्या वहिनी दगडावरून उठल्या, पिशवी उघडली आणि तुटक्या पडवळाचा पहिला वाटा त्यांनी घेतला. भवानी झाली. त्या दिवशी गावात घरोघर पडवळाची भाजी वीतभर तुकड्यांची होती, आणि बाकीचा माल लॉरीच्या भावाने गेला नसला तरी अंधार पडायच्या आत टोपल्यांचे तळ दिसले. काशीबायच्या दोन टोपल्या अळू मात्र म्हशींना गेलं. ते ती पुढची कितीतरी वर्षं मला ऐकवत होती, जसं काही मीच खाल्लं.

नदी उतरली नव्हती. चौघींना परत जाता येणार नव्हतं. त्यांना कुणी कुणी आपल्या घरी न्यायचं यावरून बाजारात खरं भांडण झालं. चांगी माझ्याबरोबर आली. वाटेत मी तिला दिवसभराचं सगळं सांगत होते आणि ती “हां, हां” करत पुढे चालत होती, लंगडत. गुडघा तिचाच फुटला होता की दुसरीचा, हे मला आता आठवत नाही.

पडवीत आत्याचा ताप उतरून घाम आला होता. मी दारातूनच सुरू झाले. ठेकेदार, टोला, लॉरी, काशीबाय, बांबू. हात पसरून नदी दाखवली. आत्या आपली पडून ऐकत होती. माझं संपल्यावर मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आता ती थक्क होईल म्हणून. ती म्हणाली, “मंग? दुसरं काय करनार व्हत्या त्या?” आणि चांगीकडे वळून, “नि तू गो? नदीत उतरलीस? अक्कल गहान टाकलीस?”

“तुजा बाजार अडला असता.”

“अडला असता तं अडला असता! बाजार काय पुन्ना भरनार नाय? तू व्हावत गेली असतीस तं कुटून आनली असती?”

“गेले नाय ना.”

“आवाज खाली कर. मना ताप हाय.”

“मंग तूच वरडू नको.”

आईने दोघींच्या मधे चांगीसाठी ताट ठेवलं, भाकरी आणि वालाचं बिरडं. चांगीने भिजलेला पदर पिळला, भाकरी मोडली. आत्या उशीला टेकून बसली आणि तिच्या एकेका घासाकडे बघत राहिली, दिवसभर पोटात काही नसलेल्या माणसाकडे बघावं तशी. मग आत्याने हळूच विचारलं, “भारं उघड्यावर ठेवल्याव?”

“जांभळीखाली.”

“कंटोळी व्हती?”

“कंटोळी. कुरडू. चांगली कवळी व्हती औंदा.”

“गुरं खातील गो समदी.”

चांगीने घास गिळला. “खाऊ दे,” ती म्हणाली. “सन त्यांचाबी हाय.”